मारायचे तर एका गोळीत

(जिल्हा मेळाव्यात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



आपल्या मेळाव्यात भावाची चर्चा होते, कर्जाची होते, विजेची होते. पण जेवणाच्या सुट्टीत माणसे एकमेकांना काय विचारतात? "यंदा डुकरानं किती ठेवलं?" भाव मिळायचा तर आधी माल घरात यावा लागतो. रानडुकरांचा कळप एका रात्रीत ज्वारीचे धांडे आडवे करतो, भुईमूग उकरून टाकतो. रोही, म्हणजे शहरातले लोक ज्याला नीलगाय म्हणतात तो, पऱ्हाटीचे कोवळे शेंडे, तूर आणि हरभरा खुडून नेतो. डुकरांच्या धाकाने ज्वारी सोडली असे सांगणारे या मंडपात कमी नाहीत. ज्वारी गेली, तिच्याबरोबर बैलांचा कडबाही गेला.

या विषयावर आपण निवेदने पुष्कळ दिली. आज मी निवेदनावर बोलणार नाही. आज मी बंदुकीतल्या गोळीवर बोलणार आहे. विषय ऐकून काहींना हसू येईल, काहींना वाटेल हा शिकाऱ्यांचा शौक आहे, आपला काय संबंध? संबंध असा, की पीक राखण्याचा हक्क आपण मागतो आहोत. हक्क मागणाऱ्याला त्याच्या हत्याराची माहिती पाहिजे. कोणत्या गोळीने जनावर जागच्या जागी मरते आणि कोणत्या गोळीने ते अर्धमेले होऊन आपल्याच तुरीत शिरते, हे ज्याला सांगता येत नाही, त्याच्या मागणीला मुंबईत आणि दिल्लीत किंमत मिळणार नाही.

कायद्याने आपल्याला काय दिले?

आधी कायदा पाहू. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला. मूळ कायद्यात परवाना काढून शिकार करण्याची सोय होती. मोठ्या जनावराची शिकार रायफलनेच करावी, छऱ्याची बंदूक वापरायची तर खास परवानगीने आणि एकसंध गोळीनेच, असा दंडक त्यात होता. १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचे परवाने बंद झाले आणि त्यांच्याबरोबर हा दंडकही गेला.

शेतकऱ्यासाठी उरले ते कलम ११. जनावर माणसाच्या जिवाला किंवा मालमत्तेला धोकादायक झाले असेल तर त्याला मारण्याची लेखी परवानगी अधिकाऱ्याला देता येते, आणि मालमत्तेत उभे पीकही येते असे कायद्यात स्पष्ट लिहिले आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर आणि रोही दोन्ही दुसऱ्या अनुसूचीत आहेत, म्हणजे त्यांना हे कलम लागू पडते. महाराष्ट्र शासनाने २०१५ साली या दोन जनावरांबाबत परवानगीची पद्धत सोपी करणारा निर्णयही काढला. परवानगीने मारलेले जनावर मात्र सरकारची मालमत्ता. त्याचे मांस, कातडे, सुळे यांवर आपला काहीही हक्क नाही, हे पक्के लक्षात ठेवा.

आता दुसरा कायदा घ्या, १९५९ चा शस्त्र कायदा. त्याच्या कलम १३ मध्ये पीक संरक्षणाचा उल्लेख आहे. पिकाच्या राखणीसाठी शेतकऱ्याने कोणते हत्यार घ्यावे? तर ठासणीची बंदूक. आपण तिला भरमार म्हणतो. नळीतून दारू ठासायची, वरून छरे किंवा शिशाचे गोळे टाकायचे, गजाने दाबायचे आणि एक बार काढायचा. भरमार पुरेशी नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली, तर साध्या गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक देता येते. पीक संरक्षणाच्या त्या तरतुदीत रायफलचे नावही नाही.

आता हे दोन कायदे शेजारी ठेवून वाचा. एक म्हणतो, परवानगी घ्या आणि जनावर मारा. दुसरा म्हणतो, मारायला दीडदोनशे वर्षांपूर्वीचे हत्यार घ्या. ज्या हत्याराने रानडुक्कर हमखास जखमी होते आणि क्वचितच जागेवर मरते, नेमके तेच कायद्याने शेतकऱ्याच्या हाती दिले. आणि मग जखमी जनावराचा फोटो छापून आला की शहरातले लोक म्हणतात, शेतकरी क्रूर आहे.

गोळी मारते म्हणजे काय करते?

पुष्कळांची समजूत अशी, की गोळीचा धक्का बसतो आणि जनावर पडते. असे होत नाही. जनावर मरते ते रक्त गेल्याने आणि मेंदूला रक्त पोचायचे थांबल्याने. म्हणून गोळी लागली पाहिजे ती काळीज आणि फुप्फुस असते तिथे. जनावर आडवे उभे असताना पुढच्या पायाच्या मागच्या बाजूने नजर वर न्या. छातीच्या खालच्या कडेपासून साधारण एक तृतीयांश उंचीवर ही जागा येते. तिथे योग्य गोळी लागली तर काही सेकंदांत सगळे संपते. पोटात लागली तर तेच जनावर तासन्‌तास, कधी दिवसभर तडफडते.

आता गोळीची ताकद. ती दोन गोष्टींवर ठरते, वजन आणि वेग. वजन दुप्पट केले तर ताकद दुप्पट होते, वेग दुप्पट केला तर ताकद चौपट होते. ही ताकद ज्यूलमध्ये मोजतात. आपल्या हिशेबाने सांगायचे, तर दोन क्विंटल माल जमिनीपासून एक मीटर उचलायला सुमारे दोन हजार ज्यूल लागतात. जर्मनीच्या शिकार कायद्याने रानडुकरासाठी हाच आकडा धरला आहे. रायफलच्या गोळीत शंभर मीटरवर किमान २००० ज्यूल ताकद उरली पाहिजे आणि गोळीची जाडी किमान साडेसहा मिलिमीटर पाहिजे. यापेक्षा हलकी गोळी रानडुकरावर चालवणे तिथे बेकायदा आहे.

आता पॉइंट टू-टू रायफल घ्या. तिच्या साध्या गोळीत नळीच्या तोंडाशीच पावणेदोनशे ज्यूलच्या आसपास ताकद असते. म्हणजे सतरा-अठरा किलोचे ओझे एक मीटर उचलण्याइतकी. ती ससा मारील. डुकराच्या अंगात ती जखम करील आणि डुक्कर निघून जाईल.

नुसती ताकद पुरत नाही

ताकद असून भागत नाही, ती जनावराच्या अंगात खर्ची पडली पाहिजे. इथे गोळीच्या बनावटीचा प्रश्न येतो.

रायफलची गोळी आतून शिशाची असते आणि वरून तांब्याच्या मिश्रधातूचे कवच असते. लष्कराच्या गोळीला हे कवच टोकापर्यंत असते. अशी गोळी अंगातून आरपार जाते, मागे बारीक भोक सोडते आणि बरीचशी ताकद बाहेर घेऊन जाते. शिकारीच्या गोळीचे टोक उघडे ठेवतात. शिसे मऊ असल्याने अंगात शिरताच टोक दबते आणि भूछत्रासारखे उमलते. गोळीची जाडी दीडपट-दुप्पट होते, आतली जखम मोठी होते, रक्त लवकर जाते. हिला मऊ नाकाची गोळी, सॉफ्ट नोज म्हणतात.

या उमलणाऱ्या गोळीचा इतिहास आपल्याच देशातला आहे. १८९० च्या दशकात कलकत्त्याजवळच्या दमदम इथल्या दारूगोळा कारखान्यात इंग्रजांनी सरहद्दीवरच्या लढायांसाठी अशी गोळी तयार केली. त्या गावावरून जगभर तिला दमदम गोळी म्हणू लागले. १८९९ साली हेग इथल्या परिषदेत राष्ट्रांनी ठरवले, की माणसाच्या अंगात उमलणारी गोळी युद्धात वापरायची नाही. आणि शिकारीचा कायदा नेमका उलटा आहे. इंग्लंडच्या १९९१ च्या हरिण कायद्यात हरणावर मऊ नाकाची किंवा पोकळ नाकाचीच गोळी चालवावी असे बंधन आहे. यात विसंगती दिसते, पण ती नाही. युद्धात शत्रूला लढण्यातून बाद करायचे असते, जखमी शिपायाला दवाखान्यात नेऊन वाचवता येते. रानातल्या जखमी जनावराला दवाखाना नाही. त्याला मारायचेच ठरवले असेल, तर ते लवकर मेले पाहिजे. दया ती एवढीच.

गोळी अति मऊ असली तरी उपयोग नाही. मोठ्या नर डुकराच्या खांद्यावर जाड, चिवट कातडीची ढाल असते. माजावर आलेले नर एकमेकांना सुळे मारतात, तो मार ती झेलते. पातळ कवचाची, फार वेगाची हलकी गोळी त्या ढालीवरच फुटते आणि काळजापर्यंत पोचत नाही. म्हणून डुकरासाठी गोळी मध्यम किंवा जड वजनाची, उमलणारी, पण तुकडे न होता एकसंध राहणारी हवी. ती दुसऱ्या बाजूने बाहेर पडली तर आणखी चांगले. दोन भोके म्हणजे रक्ताचा माग ठळक, आणि जनावर लवकर सापडते.

आपल्याकडची हत्यारे

आता आपल्याकडे काय आहे ते बघू.

भरमार बंदूक: नेम धड नाही, ताकद दर बाराला वेगळी, दुसरा बार भरायला वेळ. आवाज करून कळप हाकलायला ती ठीक. मारायला नाही.

बारा बोअर, बारीक छऱ्यांचे काडतूस: हे पाखरांसाठी आहे. डुकरावर किंवा रोह्यावर चालवणे म्हणजे त्याच्या कातडीत शिसे पेरणे.

बारा बोअर, एलजी किंवा एसजी: यात मोजके मोठे दाणे असतात, एलजीचा दाणा सुमारे नऊ मिलिमीटरचा. पुष्कळ लोक यावर भरवसा ठेवतात. पण तीस मीटरवर एका दाण्यात साधारण दोनशे ज्यूलच उरतात, आणि दाणे पसरलेले असतात. एक खांद्यात, एक पोटात, एक मागच्या पायात. जर्मनीत डुकरावर आणि हरणावर असे दाणे चालवायला कायद्याने साफ बंदी आहे.

बारा बोअर, एकसंध गोळी, म्हणजे स्लग: साधारण २८ ग्रॅमचा एकच शिशाचा गोळा. गुळगुळीत नळीतून तो चाळीस मीटरपर्यंत भरवशाचा, त्यापुढे नेम ढळतो. ज्याच्याकडे फक्त बारा बोअर आहे आणि परवानगी आहे, त्याने मचाणीवरून जवळच्या अंतरावर हीच गोळी वापरावी.

तीनशे पंधरा बोअरची रायफल: थ्री-नॉट-थ्री लष्करी गोळी असल्याने ती सामान्य माणसाला बंद. म्हणून बंगालमधल्या इच्छापूरच्या सरकारी कारखान्यात नागरिकांसाठी तीनशे पंधरा बोअरची रायफल बनते. तिची गोळी सुमारे १६ ग्रॅमची, जड आणि मध्यम वेगाची. रानडुकरासाठी ताकद पुरेशी. काडतूस घेताना मऊ नाकाचेच आहे ना, ते डोळ्यांनी पाहून घ्या. टोकाला करडे शिसे दिसले पाहिजे.

रायफलच्या बाबतीत एक धोका नीट ऐका. छरे शे-दोनशे मीटरवर पडतात. रायफलची गोळी तीन-चार किलोमीटर जाऊ शकते. आपली काळी जमीन सपाट आहे. पलीकडे गाव आहे, शेजारच्या वावरात जागलीला बसलेला माणूस आहे, पहाटे बाहेर पडलेली बाई आहे. म्हणून उभे राहून सपाट रेषेत रायफल चालवायची नाही. उंचावर बसून खाली मारायचे, म्हणजे चुकलेली किंवा आरपार गेलेली गोळी मातीत रुतेल. जर्मनीतला शिकारी शेताच्या कडेला लाकडी मचाण उभी करतो ती याच कारणाने. आपल्या बापजाद्यांची जागलीची मचाण हेच काम करते. तिच्यावर कोण बसणार आणि त्याच्या हातात काय असणार, एवढाच प्रश्न आहे.

जखमी जनावर कोणाचे?

भावांनो, मी एवढे खोलात का गेलो? कारण अर्धवट मारलेले डुक्कर शेवटी आपल्याच अंगावर येते. रात्री कोणी बार काढतो, जनावर तुरीत किंवा दाट पऱ्हाटीत शिरून बसते. सकाळी तिथे वेचणीला कोण जाते? आपल्या मायबहिणी. वाकून वेचणाऱ्या बाईच्या मांडीला डुकराचा सुळा लागतो. बंदूकवाला तेव्हा घरी झोपलेला असतो.

म्हणून गोळी चालवणाऱ्याचे काम गोळी सुटल्यावर संपत नाही. काळजात लागलेले जनावरही पन्नास-शंभर मीटर पळू शकते. लगेच मागे धावायचे नाही. निदान अर्धा तास थांबायचे. मग गोळी लागली त्या जागी रक्त बघायचे. फेसाळ, फिकट लाल रक्त म्हणजे फुप्फुस, जनावर जवळच पडलेले असणार. काळपट रक्त, त्यात चाऱ्याचा अंश आणि घाण वास म्हणजे पोट, जनावर जिवंत आहे आणि चिडलेले आहे. तेव्हा अंधारात दाट पिकात शिरायचे नाही. काही तास जाऊ द्यायचे, उजाडल्यावर वनखात्याच्या माणसाला बरोबर घेऊन माग काढायचा, आणि तोपर्यंत त्या वावरात एकही वेचणारी जाऊ द्यायची नाही. जर्मनीच्या कायद्याने शिकाऱ्याला बजावले आहे, की जखमी जनावराचे हाल थांबवणे हे त्याचे कर्तव्य आहे. माग काढण्यासाठी तिथे खास शिकवलेली कुत्री ठेवतात.

मेलेले जनावर रानात सोडून देऊ नका. शिशाच्या गोळीचे बारीक कण मांसात पसरतात, ते खाऊन गरुड-गिधाडांना विषबाधा होते. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्याने याच कारणाने १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाची गोळी बंद केली, तिथे तांब्याची गोळी वापरतात. आपली गिधाडे जनावरांना टोचायच्या डायक्लोफिनॅक औषधाने गेली, २००६ साली त्या औषधावर बंदी आली. उरलेल्यांना आपल्या हातून आणखी विष नको.

आणि गावठी बाँब? पिठाच्या गोळ्यात बारूद घालून डुकराचा जबडा उडवायचा? तारेत करंट सोडायचा? हे बंद झाले पाहिजे, आणि हे सांगणारे आपण असलो पाहिजे. करंटच्या तारेने डुकराबरोबर वाघ मरतो, शेजाऱ्याचा बैल मरतो, पहाटे पाणी द्यायला निघालेला आपलाच पोरगा मरतो. २०२० साली केरळात स्फोटके भरलेल्या फळाने एक गाभण हत्तीण मेली. सगळ्या देशात संताप उठला, आणि त्या भागातल्या शेतकऱ्याचे पीक कोण खाते हे मात्र कोणी विचारले नाही. एका क्रूर मरणाने शेतकऱ्याची दहा वर्षांची मागणी बुडते.

हक्क आणि जबाबदारी एका दावणीला

जर्मनीचे उदाहरण मी पुन्हा पुन्हा देतो, कारण तिथे या प्रश्नाची सगळी टोके एकत्र बांधलेली आहेत. तिथे शिकारीचा हक्क जमिनीबरोबर येतो. सलग ७५ हेक्टर जमीन असेल त्याचे स्वतंत्र क्षेत्र. आपल्यासारख्या लहान शेतकऱ्यांच्या जमिनी मिळून गावाची शिकार-सहकारी मंडळी बनते आणि ती हा हक्क भाड्याने देते. भाडे शेतकऱ्यांना मिळते. डुकरांनी पीक खाल्ले तर भरपाईची कायदेशीर जबाबदारी या मंडळीची असते, आणि करार करून ती बहुतेक वेळा हक्क घेणाऱ्या शिकाऱ्यावर टाकलेली असते. त्या शिकाऱ्याला कडक परीक्षा द्यावी लागते. कायदा, जनावरांची माहिती, हत्यार आणि प्रत्यक्ष नेमबाजी, सगळ्यात पास व्हावे लागते. गोळी कोणती, ताकद किती, हे कायद्यात लिहिलेले.

आपल्याकडे काय? जनावर सरकारचे, पीक शेतकऱ्याचे, नुकसान शेतकऱ्याचे, मेले तर पुन्हा सरकारचे. भरपाईसाठी पंचनाम्याच्या मागे फिरायचे तेही शेतकऱ्यानेच.

जर्मनीची नक्कल करा असे मी म्हणत नाही. आपल्याकडे वस्ती दाट, वावरे लहान, रात्रंदिवस रानात माणसे. प्रत्येकाच्या हातात रायफल द्या, अशी मागणी मी करणार नाही, आणि तुम्हीही करू नये. त्याने डुकरांपेक्षा माणसे जास्त मरतील.

बाहेरून शिकारी आणण्याचाही प्रयोग झाला आहे. केंद्राने बिहारच्या काही जिल्ह्यांत नीलगायीला उपद्रवी प्राणी ठरवले. जून २०१६ मध्ये मोकामा भागात हैदराबादहून आलेल्या शिकाऱ्यांनी काही दिवसांत दोनशेच्या वर नीलगायी मारल्या. दिल्लीत दोन केंद्रीय मंत्र्यांचे जाहीर भांडण झाले. वर्तमानपत्रांत आठवडाभर तेच चालले. शेतकऱ्याला कायमची व्यवस्था त्यातून मिळाली नाही. शिकारी आले तसे गेले.

कोणी विचारील, "आमी मरून रायलो, अन् तुमी डुकराच्या मरणाचं काय घेऊन बसले?" प्रश्न रास्त आहे. पण आपण जनावरात जन्म काढणारी माणसे आहोत. बैलाला पराणी किती टोचायची, हे आपल्याला कोणी शिकवले नाही. खाटकाची सुरीही धारदार असावी लागते. हाल करून मारणे ही शेतकऱ्याची रीत कधीच नव्हती. ती वाईट हत्याराने आणि असहायतेने आपल्यावर आणली.

आणखी एक खरे बोलतो. गोळीने हा प्रश्न सबंध सुटणार नाही. डुकरीण एका वेताला चार-सहा पिले देते. दोन मारली आणि गाव मोकळे झाले असे होत नाही. कुंपण लागेल, राखण लागेल, भरपाई लागेल. पण जिथे मारण्याची परवानगी दिली आहे, तिथे ती नुसती कागदावर राहू नये, आणि तिचा शेवट तडफडीत होऊ नये.

मागायचे काय, करायचे काय

सरकारकडे आपल्या मागण्या अशा. एक, शस्त्र कायद्यातले पीक संरक्षणाचे कलम बदला, ठासणीच्या बंदुकीची तरतूद काढून टाका. दोन, आठ-दहा गावांमागे परीक्षा घेतलेले, योग्य रायफल असलेले नेमबाज नेमा. ते त्याच भागातले असावेत, आणि त्यांचा खर्च जनावराच्या मालकाने, म्हणजे सरकारने, द्यावा. तीन, परवानगीच्या कागदावरच हत्यार, गोळीचा प्रकार आणि जास्तीत जास्त अंतर लिहा. छरे, एलजी आणि पॉइंट टू-टू यांना डुकरावर आणि रोह्यावर मनाई करा. चार, जखमी जनावराचा माग काढण्याची जबाबदारी नेमबाजावर आणि वनखात्यावर ठेवा.

आणि आपण काय करायचे? परवानगी मिळाली, बंदूकवाला आला, तर त्याला बार काढू देण्याआधी पाच प्रश्न विचारा. लेखी परवानगी आणि शस्त्राचा परवाना दाखव. काडतूस कोणते आहे, दाखव. किती मीटरवर मारणार? गोळी चुकली तर कुठे जाईल? जखमी झाले तर सकाळी माग काढायला थांबशील का? यातल्या एकाचेही उत्तर धड आले नाही, तर त्याला चहा पाजा आणि परत पाठवा. एका रात्रीचे पीक गेले तरी चालेल. जखमी डुक्कर वावरात ठेवून दुसऱ्या दिवशी वेचणीला बाया पाठवायच्या नाहीत.

या चार मागण्या ठरावाच्या रूपाने अध्यक्षांकडे दिल्या आहेत. गावी गेल्यावर ग्रामसभेत त्या मांडा, आणि पाच प्रश्न चावडीच्या फळ्यावर लिहून ठेवा.